टॉवेलांमागचं बटण

मंगळवार, २ सप्टेंबर
२७, लीटन स्ट्रीट, रॉकहॅम्प्टन

कॉरल,

सोबत कागद आहेत. जिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्यात तिथे सही करायची, चार ठिकाणी. आईने घर आपल्या दोघींच्या नावावर ठेवलंय, त्यामुळे तुझ्या सहीशिवाय त्याची एक फळीसुद्धा विकता येणार नाही, असं वकील म्हणतो. तेव्हा हे पत्र मनधरणीचं नाही, कामाचं आहे.

घर विकायला काढलंय. माझे गुडघे गेले. खाली धुणं वाळत घालायचं, चौदा पायऱ्या चढून वर यायचं, वर आल्यावर आठवतं की चिमट्यांची टोपली खालीच राहिली. मागच्या महिन्यात सातव्या पायरीवर बसून राहिले होते अर्धा तास. समोरच्या डल्सीला वाटलं मी ऊन खातेय, तिने हात हलवला, मीही हलवला. येपूनला समुद्राकडे एक लहानशी जागा बघितलीये. तिला एकही पायरी नाही. जीवही नाही तिच्यात, पण या वयात गुडघ्यांचं ऐकायचं की जिवाचं?

आईच्या वस्तूंपैकी काय हवं ते कळव. चटणी करायचं मोठं पातेलं मी ठेवणार होते, पण तुला हवं असेल तर घे, भांडणार नाही. हिवाळा सरला, आंब्याला मोहोर नुसता लगडलाय. या वर्षीची फळं नव्या माणसांच्या नशिबात. ती शहरातली असतील तर म्हणतील, काय दोरेदार आंबा आहे, आणि कापून टाकतील झाड.

जुनं काही उगाळायची माझी इच्छा नाही. आईच्या वेळी डॉक्टरांनी मला जे सांगितलं तेच मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू काय समजायचं ते समजलीस आणि सहा वर्षं तोंड फिरवून बसलीस. असो.

यायचं असेल तर ये. तुझी खोली तशीच आहे. अजून दीड-दोन महिने तरी आहे.

नोएला


मंगळवार, २३ सप्टेंबर

कॉरल,

कागद पोचले. चारी ठिकाणी सही आहे. पाकीट मी तीनदा झटकलं, उजेडात धरून पाहिलं. सोबत एक ओळ लिहायला तुझी शाई संपली होती वाटतं. होबार्टला थंडी फार, बोटं गोठली असतील.

आता इथली गंमत ऐक. घर विकायला एक बाई नेमलीये, टॅरिन नावाची. वय पस्तीसच्या आसपास, उंच टाचा, आणि त्या टाचा व्हरांड्याच्या फळ्यांच्या फटीत अडकतात म्हणून सारखी बेडकासारखी उडी मारत चालते. तिने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं: भिंतीवरचे सगळे फोटो खाली. लोकांना म्हणे घरात स्वतःला बघायचं असतं, आपल्याला नाही. मग बाबांचा मासा हातात घेतलेला फोटो, आईचा लग्नातला, तुझा घोड्यावरचा, सगळे खोक्यात गेले. भिंतीवर फिकट चौकोन राहिलेत. त्यांना रंग द्या म्हणाली. मी म्हटलं, तुम्हीच द्या.

जाहिरात लिहिलीये तिने. 'शांत, जुनी, मायाळू वस्ती. नदीची झुळूक.' नदीची झुळूक! मी तिला सांगितलं की बाई, पूर येतो तेव्हा आमच्याकडे नदीची झुळूक येत नाही, नदीच येते. खालच्या अंगाच्या घरांत खिडकीला होडी बांधतात, आणि आमच्या तिसऱ्या पायरीवर येऊन ती थांबते, कारण आजोबांना अक्कल होती, त्यांनी खांब उंच घातले. ती म्हणाली, हे सगळं आपणहून सांगायची गरज नाही. मायाळू वस्तीबद्दल मात्र काही बोलले नाही. डल्सी अजूनही आपल्या दारातला डबा बघूनच स्वतःचा कचऱ्याचा डबा बाहेर काढते, आणि डल्सीचा बघून पुढची सगळी घरं. मागच्या सोमवारी माझा आठवडा चुकला, मी लाल झाकणाच्या डब्याऐवजी रद्दीचा पिवळा काढला, आणि सकाळी अख्ख्या लीटन स्ट्रीटवर पिवळी झाकणं. कचऱ्याची गाडी आली नि तशीच पुढे गेली. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बाबा असते तर चुकले नसते, एवढंच मनात म्हणाले असतील सगळे.

संडासातला बेडूकही टॅरिनला नकोय. तुला आठवतो ना मिस्टर प्लंकेट? तो तोच असेल की त्याचा पणतू, देव जाणे, मी अजून तेच नाव चालवतेय. त्याला आइस्क्रीमच्या डब्यात घालून मी नदीपर्यंत नेऊन सोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी हा आपला भांड्याच्या कडेला, हिरवागार, माझ्याकडे बघतोय. बेडकाला कळतं घरी यायचं.

तुझी खोलीही बदलली, ते सांगितलंच पाहिजे. पलंग काढून तिथे टेबल-खुर्ची ठेवलीये. व्हरांडा बंद करून केलेल्या खोलीला लोक आता झोपायची खोली मानत नाहीत, कामाची खोली म्हणतात. टॅरिनने तिथे दिव्याचं बटण शोधायला दहा मिनिटं भिंती चाचपल्या. मी बघत उभी होते. शेवटी म्हटलं, तो दिवा बिघडलाय. काय सांगणार होते तिला? की आमच्या वडिलांनी आधी वायर ओढली, बटण बसवलं, बियर प्यायले, आणि मग त्याच भिंतीवर मधल्या खोलीचं टॉवेलांचं कपाट ठोकून टाकलं? आणि चूक कबूल करायला नको म्हणून कपाटाच्या पाठीला भोक पाडून दिलं? साठ वर्षं या घरातली माणसं टॉवेलांच्या मागे हात घालून कॉरलच्या खोलीत उजेड करतात, हे परक्या बाईला सांगण्यासारखं नाही.

आता त्या कपाटात पांढरे टॉवेल आहेत, नवे, ज्यांना कुणी अंग पुसायचं नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मला लिहायची सवय लागलीये एवढंच.

नोएला


रविवार, १२ ऑक्टोबर

कॉरल,

काल पहिल्यांदा घर लोकांना बघायला उघडलं. अकरा ते साडेअकरा. आणि नियम असा की त्या अर्ध्या तासात मालकाने घरात थांबायचं नाही. मालक दिसला की लोक संकोचतात, तोंडदेखलं बोलतात आणि निघून जातात, असं टॅरिनचं म्हणणं. म्हणजे सत्तर वर्षं ज्या घरात राहिले तिथून मला शनिवारी सकाळी हाकलून दिलं, हातात पर्स देऊन.

मी कुठे जाणार? रस्ता ओलांडून डल्सीकडे गेले. तिच्या पुढच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या एक बोटभर उघडल्या, दोन खुर्च्या ओढल्या, चहा घेतला आणि बसलो दोघी. डल्सीला मोतीबिंदूमुळे रस्त्यापलीकडचं धुरकट दिसतं. त्यामुळे बघायचं मी आणि हसायचं तिने, अशी वाटणी होती.

अकरा जण आले. त्यातले सात आपल्याच गल्लीतले. घर विकत घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून. कोपऱ्यावरची मॅव्हिस तर चाळीस वर्षं आपल्या दारात उभी राहून आत डोकावत होती, काल एकदाची तिला आत शिरायची सोय झाली. बाहेर येताना तिच्या चेहऱ्यावर इतकी निराशा होती की मला बरं वाटलं. एक तरुण जोडपं होतं, तिचं पोट पुढे आलेलं. ती आंब्याखाली बराच वेळ उभी होती. ते मला आवडलं.

आणि एक बाई होती, तिच्यावरून तर आम्ही पोट धरून हसलो. भलीमोठी टोपी, अंगावर नुसती हाडं, टोपीखाली केस पुरुषासारखे बारीक कापलेले. वर जायच्या आधी ती थेट घराखाली गेली, धुण्याच्या सिमेंटच्या टाक्यांकडे, आणि तिथे ही उभी. मी डल्सीला म्हटलं, ही घर घ्यायला आली की कपडे धुवायला? मग पायऱ्या चढली, डावा पाय बाहेर फेकत, थेट आपल्या बाबांसारखी. मी म्हटलं, बघ, बाबांची चाल बाईमाणसाला किती वाईट दिसते. डल्सीच्या नाकातून चहा आला.

ती सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडली. फाटकापाशी वळून बघत राहिली, टॅक्सी आली तशी गेली. असल्या रिकामटेकड्या लोकांना टॅक्सीचे पैसे कुठून मिळतात कोण जाणे.

असं हसू मला किती तरी दिवसांत आलं नव्हतं. तू असतीस तर तिसरी खुर्ची ओढली असती.

पुढच्या शनिवारी पुन्हा आहे.

नोएला


मंगळवार, १४ ऑक्टोबर

कॉरल,

हे पत्र होबार्टला पाठवून उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहितेय, कारण नाही लिहिलं तर मी काहीतरी फोडीन.

आज दुपारी टॅरिन आली होती. घर बघणाऱ्यांनी नाव आणि फोन नंबर लिहायचा कागद असतो, तो घेऊन. तिने सगळ्यांना फोन केले, एका बाईचा लागेना, कारण नंबरला आकडेच कमी होते. ती म्हणाली, ही बाई जरा चमत्कारिकच होती. संडासात जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. आणि मग मधल्या खोलीत आली, टॉवेलांचं कपाट उघडलं, न बघता आत हात घातला, आणि तुम्ही म्हणालात तो बिघडलेला दिवा लागला. तुम्हाला माहीत होतं का तिथे बटण आहे?

मी कागद मागितला. नाव लिहिलं होतं एडना प्रॉसर. आईचं माहेरचं नाव. आणि समोर पाच आकडे. आपला जुना नंबर, जत्रेत हरवलात तर पोलिसाला सांगा म्हणून आई आपल्याकडून अंघोळ घालताना गाऊन घ्यायची तो. अक्षर तुझं. सातच्या पोटात आडवी रेघ.

मी टॅरिनला विचारलं, अजून काय केलं तिने. म्हणाली, त्या खोलीतल्या खुर्चीवर बसली, दिवा लावून. पुढच्या खोलीच्या, म्हणजे आईच्या, दारापर्यंत गेली पण आत पाऊल ठेवलं नाही. आणि जाताना एक प्रश्न विचारला. तो मी टॅरिनकडून दोनदा वदवून घेतला.

"मालकीणबाई घरी नसतात का?"

"नाही, आम्ही त्यांना बाहेर पाठवतो."

"बरं," म्हणालीस म्हणे. मग विचारलंस, पुढच्या शनिवारी पुन्हा येता येईल का. टॅरिन म्हणाली, हो, या ना.

कॉरल, मी समोर होते गं. रस्त्यापलीकडे, तीस पावलांवर. तू हजारो मैलांवरून आलीस, माझी चौकशी केलीस, आणि मी खिडकीच्या फटीतून तुझ्या चालीला हसत होते. सख्ख्या बहिणीला ओळखलं नाही. तुझी ती जाड वेणी कुठे गेली? इतकी वाळलीस कशाने? तू आजारी आहेस का? सहा वर्षांत मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगणार तरी कोण, आपल्या दोघींना तिसरं आहे कोण.

चार मोटेलांत फोन केला. कॉरल लिंडगार्ड नावाचं कुणी नाही. मग एडना प्रॉसर विचारलं. तेही नाही. पाचव्या ठिकाणचा माणूस म्हणाला, आजी, तुम्हाला नक्की कोण हवंय? मी फोन ठेवला.

आता खरं लिहिते. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

डॉक्टरांनी मला सोमवारी सकाळी सांगितलं होतं, दोन दिवस, फार तर तीन. तुझा फोन सोमवारी संध्याकाळी आला. तू विचारलंस, निघू का? आणि मी म्हटलं, अजून वेळ आहे, घाई करू नकोस, पुढच्या आठवड्यात ये. मला माहीत होतं, कॉरल. माहीत असताना म्हटलं.

का, ते मी स्वतःलाही इतकी वर्षं सांगितलं नाही. अकरा वर्षं मी तिला भरवलं, कुशीवर वळवलं, तिच्या चादरी त्या टाक्यांत धुतल्या. आणि रोज संध्याकाळी ती मला विचारायची, कॉरलचा फोन आला का? मी समोर असायचे, हातात चमचा घेऊन. पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ना. मला दोन दिवस हवे होते. फक्त दोन, ज्यात ती माझी एकटीची असेल. मग काय, मिळाले. आणि त्या दोन दिवसांत ती काय म्हणाली तुला सांगते. मंगळवारी संध्याकाळी म्हणाली, "दिवा लाव, कॉरल येतेय." तू यायची असलीस की ती तुझ्या खोलीतला दिवा लावून ठेवायची, आठवतं? मी म्हटलं, लावला. नव्हता लावला. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नव्हते. तिने मान वळवून मधल्या खोलीपलीकडे तुझ्या दाराकडे बघितलं, तिथे अंधार होता, आणि मग माझ्याकडे बघितलं.  बुधवारी गेली.

अंत्यविधीनंतर सगळे घराखाली जमले होते, सँडविचच्या बश्या घेऊन. तू फाटकातून आत आली नाहीस. टॅक्सी सुरूच होती. तू एवढंच म्हणालीस, "तू म्हणालीस वेळ आहे." आणि मी सगळ्यांसमोर डॉक्टरांचं नाव पुढे केलं. माझ्या हातात तेव्हा पातेलं होतं, आईचं. ते मी छातीशी धरलं होतं, जसं काही तू तेच मागायला आली होतीस.

हे मी तुझ्यासमोर बोलू शकले नसते. समोर असतीस तर पुन्हा डॉक्टर आठवला असता.

शनिवारपर्यंत चार दिवस आहेत. घर जाऊ दे ज्याला जायचं त्याला. त्या गरोदर मुलीला घर आवडलंय, टॅरिन म्हणतेय शनिवारी बहुतेक ठरेल. मला घराचं काही वाटत नाही आता. तू शनिवारी ये, एवढंच. टॅक्सी पाठवून दे.

नोएला


शनिवार, १८ ऑक्टोबर, सकाळ

कॉरल,

हात आत घातलास ना? मला माहीत होतं. या घराचं कपाट उघडून पांढऱ्या टॉवेलांच्या मागे हात घालणारं जगात दुसरं कुणी नाही, म्हणून ही चिठ्ठी इथे ठेवली. मंगळवारचं पत्र याच्याखाली आहे, ते आधी वाच. वाचून झाल्यावर जायचं असलं तर जा. मागच्या दाराने जाऊ नकोस मात्र, ती पायरी सडलीये.

खोलीत पलंग परत आणलाय. डल्सीचा नातू आणि त्या गरोदर मुलीचा नवरा, दोघांनी मिळून वर चढवला. मी त्या मुलीला सगळं सांगितलं, पुराचंही. ती म्हणाली, आंब्याचं झाड राहणार, आणि मिस्टर प्लंकेटही राहणार. भिंतीवर तुझा घोड्यावरचा फोटो पुन्हा टांगलाय. टॅरिन चिडली. मी म्हटलं, तुझ्या लोकांना यात स्वतःला बघता येत नसेल तर न बघू दे.

आज मी डल्सीकडे जाणार नाही. टॅरिनने नियम सांगितला, मी ऐकून घेतला. मी खाली आहे, आंब्याखाली, खुर्ची टाकून, शेजारी दुसरी खुर्ची. चटणीचं पातेलं तिच्यावर ठेवलंय, म्हणजे दुसरं कुणी बसणार नाही. इथे सावली इतकी गर्द आहे की भर अकरा वाजताही तुझ्या खिडकीतला दिवा लागलेला दिसतो. काल लावून, खाली येऊन, बघून गेले. दोनदा. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे.

आता तो बंद आहे. टॅरिनला बजावलंय, घरातले सगळे दिवे लाव, हा लावायचा नाही.

तो तू लाव. लागला की मी वर येते. चौदा पायऱ्या आहेत, मला वेळ लागेल. तेवढी थांब.

नोएला